संगणक सर्व्हर रूममध्ये, माणसं टेबलावर: मधे फायबर टाकावं की कॅट-६?

तुमचा प्रश्न असा: पंचवीसेक जणांचे संगणक सर्व्हर रूममध्ये हलवायचे, टेबलावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माउस ठेवायचे, तर फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची तार) ओढावं की कॅट-६ (नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल)?

हे काम मी दोनदा केलंय, पहिल्यांदा चुकीचं. म्हणून केबल ठरवण्याआधी हे ठरवा, की तिच्यातून पडद्याचं कच्चं, कॉम्प्रेस न केलेलं (न दाबलेलं) चित्र न्यायचंय की नेटवर्कचे पॅकेट, म्हणजे नेहमीच्या नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे.

कच्च्या चित्रासाठी केव्हीएम एक्स्टेंडर (कीबोर्ड, मॉनिटर, माउस लांबून जोडणारी डब्यांची जोडी) लागतो: एक डबी संगणकाला, दुसरी टेबलावर. कॅट-६वर चालणाऱ्या डब्यांचा सॉकेट हुबेहूब नेटवर्कसारखाच दिसतो आणि मी फसलो तो तिथेच. या डब्यांमधला एचडीबेसटीसारखा सिग्नल म्हणजे इथरनेट (नेहमीचं तारेचं नेटवर्क) नव्हे. तो स्विचमधून (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीतून) जात नाही, एका डबीपासून दुसऱ्या डबीपर्यंत थेट तारच लागते. आम्ही मधल्या रॅकमधल्या स्विचमध्ये ती खुपसली आणि अर्धा दिवस काळ्या पडद्याकडे बघत बसलो. शिवाय या तारेची मजल साधारण १०० मीटरपर्यंतच.

आता थोडा हिशेब. १९२० बाय १०८०चा पडदा, सेकंदाला ६० चित्रं, पिक्सेलमागे २४ बिट, म्हणजे सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. फोर-के पडदा घेतला तर १२. त्यामुळे १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून चित्र कॉम्प्रेस केल्याशिवाय जातच नाही. ईमेल, एक्सेल, ब्राउझर एवढंच काम असेल तर तो फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. अशांना थिन क्लायंट (टेबलावरचा छोटा, साधा संगणक) द्या, आरडीपीने (दूरचा विंडोज संगणक नेटवर्कवरून वापरायची सोय) सर्व्हर रूममधल्या संगणकाला जोडा, आहे तीच कॅट-६ चालू द्या. फायबर हवं ते सर्व्हर रूम आणि मजल्यावरच्या रॅकच्या मधे. प्रत्येक टेबलापर्यंत फायबर ओढणं ही मला उधळपट्टी वाटते.

अपवाद व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचा. त्यांना कॉम्प्रेस न केलेलं चित्र फायबरवरूनच द्या. 'फायबर वेगवान म्हणून माउस हलका लागेल' असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात, तांब्यातही फार वेगळं नाही. माउस जड लागतो तो चित्र कॉम्प्रेस करून पुन्हा उलगडण्यात वेळ जातो म्हणून.

सर्व्हर रूम दुसऱ्या इमारतीत असेल तर मात्र डोळे झाकून फायबर. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो, आणि तांब्याची तार तो फरक (वीज पडली तर तिचा झटकासुद्धा) थेट यंत्रापर्यंत आणते.

आणि आरडीपीवाल्या प्रत्येक संगणकाच्या बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वेक-ऑन-लॅन, म्हणजे बंद संगणक नेटवर्कवरून चालू करायची सोय, आधीच चालू करून ठेवा. नाहीतर संध्याकाळी कुणी सवयीने 'शट डाउन' दाबतो आणि सकाळी त्याचं बटण दाबायला सर्व्हर रूमपर्यंत तुम्हालाच जावं लागतं.