ठासणीची रायफल आणि लांबचा नेम

प्रश्न : अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या रायफलीने (जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरतात) हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला आहे; लांबच्या नेमासाठी तयारी कशी करावी?

उत्तर : त्या राज्यात ठासणीच्या रायफलींसाठीच्या खास हंगामात रायफलीवरची दुर्बीण, गोळीभोवतीचे प्लॅस्टिकचे वेष्टण आणि बंदुकीच्या दारूच्या तयार वड्या यांना मनाई असल्याने सुटी दारू आणि नळीच्या मापाची शिशाची गोळी यांवरच भिस्त ठेवावी लागेल. दारू प्रत्येक वेळी मापूनच घ्यावी, गोळी दारूला टेकेपर्यंत सारख्या दाबाने ठासावी आणि ठासण्याच्या गजावर तेथे खूण करावी, कारण मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुटू शकते. प्रत्येक बार उडवल्यावर नळी पुसली नाही, तर काजळीमुळे नेम सरकत जातो. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू निषिद्धच आहे. उघड्या माशीने, म्हणजे नळीवरच्या साध्या नेमखुणेने, शंभर यार्डांपलीकडे बार टाकणे मला तरी हरणावर अन्याय वाटतो.