पहिल्या ट्रीपला बॅगेत काय न्यावं?

प्रश्न: दादा, मी निफाडचा, वय 21. पुढच्या आठवड्यात उस्तादांच्या दहा चाकी गाडीवर क्लीनर म्हणून चढतोय, ड्रायव्हिंग शिकायचंय. पहिलीच ट्रीप कांदा घेऊन चेन्नईला. आई सुटकेस भरतेय. ठेवू कुठं?

उत्तर: भावा, आईला सांग सुटकेस राहू दे. केबिनमध्ये दोघांचं झोपणं, स्वयंपाक, कागद सगळं असतं, तिथं कडक पेटी बसतच नाही. कापडी सॅक घे, ती सीटमागच्या झोपायच्या फळीवर दाबून बसते आणि रात्री उशाला होते. कपडे तीन जोड बस झाले, त्यात एक जुना, ग्रीस आणि ताडपत्रीसाठी. चादर, टॉवेल, बॅटरी आणि ओडोमॉस विसरू नको. चेन्नईला थंडी नाही, पण पहाटे खिडकीतून वारा लागतो, एक स्वेटर टाक.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याची बाटली पायाशी कधीच ठेवायची नाही. मी शिकत होतो तेव्हा घाटात माझी बाटली घरंगळत उस्तादांच्या ब्रेकखाली गेली, त्यांनी पायानंच कशीबशी बाजूला सारली, पण माझे हात पुढं तासभर थरथरत होते. बाटली दाराच्या कप्प्यात, नाहीतर हुकला बांधून ठेव.

लायसन्स, आधार प्लास्टिकच्या पाकिटात, शिवाय डिजिलॉकरमध्येही ठेव. पैसे सगळे एका खिशात नको. आणि ढाब्यावर उतरलास की मोबाईल डॅशबोर्डवर सोडू नको, काच फोडून नेतात रे. डबे, स्टोव्ह कुठं ठेवायचा ते उस्तादांनाच विचार, गाडीतली जागा त्यांनी लावलेली असते.