इंजिनचं हेड उतरवण्याआधी

भावा, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पिकअपच्या मॅनिफोल्डचे (हेडला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांचे) नट गंजून बसतात. आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेव, नाहीतर स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलू नको, वाकतं. बोल्ट सैल करताना कडेकडून मध्ये, आवळताना मधून बाहेर, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), मॅन्युअलमधल्या टप्प्यांत. अंदाजाने आवळू नको रे!

ब्लॉकमधली (हेडखालच्या इंजिनच्या मुख्य भागातली) बोल्टची भोकं मात्र जपून बघ. आत पाणी किंवा तेल राहिलं तर आवळताना ब्लॉक तडकू शकतो. मी प्रत्येक भोकात चिंधी फिरवतो. मागच्या वेळी चौथ्यातली ओली निघाली. हेड सपाट आहे का, सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपास. शंका आली तर रिबोरिंगवाल्याकडे ने. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट (सील) नवंच.