छाती भरलीय, पळू का?

नुसतं नाक वाहत असतं तर अर्धा तास हळू पळ म्हणालो असतो. पण तुझा कफ छातीत आहे, तेव्हा बूट राहू देत. ताप असेल तर अजिबात नको. विषाणूसंसर्गात जोर लावला तर क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढणं. बुडाले ते बुडाले. आठवडाभरात स्टॅमिना फारसा जात नाही.
- औषध घेऊन लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) उरकणं. (मीही केलंय. आठव्या किलोमीटरला कठडा धरून खोकत उभा होतो.)

रोज उठल्या उठल्या नाडी मोज. ती नेहमीच्या आकड्यावर आली आणि खोकला थांबला की 20 मिनिटं पळ, गप्पा मारता येतील अशा वेगात. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं) नंतर बघू. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ डॉक्टर गाठ.