आयर्लंडसारख्या कॅथलिक देशात समलिंगी विवाहाला लोकांनी होकार कसा दिला?

पाद्र्यांनी केलेल्या बालशोषणाची प्रकरणं उघड झाल्यावर चर्चचा धाक ओसरला होताच. पण मला मोठं वाटतं ते घराघरांत झालेलं बोलणं. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस श्रद्धाळू कॅथलिक, तरी समलिंगी मुलाची आई म्हणून ठामपणे बाजूने उभ्या राहिल्या. तेव्हा मंत्री असलेले लिओ वराडकर (वडील मुंबईचे, मूळ गाव मालवणकडचं वराड) यांनी जानेवारी २०१५ मध्ये रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. मुलाला आई आणि वडील दोघंही हवेत, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा. तरीही २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतं बाजूने पडली. ४३ पैकी एकच मतदारसंघ विरोधात गेला. १९९३ पर्यंत तिथे पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते!