व्होल्टेज सतत वरखाली होत असेल तर कॉइल निक्रोमची घ्यावी की कँथलची?

तुम्ही लिहिलंय की रायबागजवळ तुमची बेकरी आहे. संध्याकाळी व्होल्टेज 180 पर्यंत उतरतं, पहाटे 250 च्या वर जातं, वर्षात तीनदा ओव्हनचे हीटर बदलले. आता वायरमन म्हणतो, निक्रोम काढून कँथल घाला, चढउतार सोसेल. हे खरं का?

नाही. दोन्ही सोसत नाहीत. निक्रोम म्हणजे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम. कँथल म्हणजे लोखंड, त्यात साधारण 22 टक्के क्रोमियम आणि साडेपाच-सहा टक्के ॲल्युमिनियम. दोन्ही तारा लालबुंद झाल्या तरी त्यांचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फार तर चार ते सात टक्के वाढतो. म्हणजे व्होल्टेज चढलं की स्वतःहून करंट आवरायची ताकद दोघींतही नाही. वॅट व्होल्टेजच्या वर्गाने (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) बदलतात. 230 ला 1000 वॅट देणारी कॉइल 180 ला 612 देते आणि 250 ला 1180. व्होल्टेज नऊ टक्के वाढलं की वॅट अठरा टक्के वाढतात. कॉइल जळते ती इथे. तार कुठली होती हा नंतरचा प्रश्न.

याच प्रश्नावरून आमच्या घरात भांडण झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या आप्पांचं बेळगावच्या शहापुरात शेगडीच्या आणि इस्त्रीच्या कॉइलींचं दुकान होतं. नंतर मी आणि थोरला भाऊ, आम्ही दोघांनी उद्यमबागेत भट्ट्यांच्या कॉइली वळायला सुरुवात केली. बेळगावात फाउंड्री आणि मशीनशॉप इतकी की हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला काम कमी नाही. मच्छ्यातल्या एका गिऱ्हाइकाची 18 किलोवॅटची भट्टी होती, डाय हार्डनिंगची, म्हणजे साचे तापवून कडक करायची, 950 अंशांवर चालायची. तीन फेज स्टारमध्ये, म्हणजे प्रत्येक कॉइल एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, प्रत्येक फेजवर 6 किलोवॅट. कॉइली मी वळल्या. कँथल ए-वन, म्हणजे कँथलमधला जास्त तापमानाचा प्रकार, 12 गेज जाडीची, दर फेजला 33 मीटर, रेझिस्टन्स 8.8 ओहम. तारेच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला 2.2 वॅट पडत होते. विटांच्या खाचेत बसवलेल्या कॉइलला त्या तापमानाला मी याच्या वर जाऊ देत नाही.

दोन महिने भट्टी नीट चालली. मग उन्हाळा लागला, संध्याकाळी व्होल्टेज 190 ला यायला लागलं आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली की भट्टी तापायला दोन तास जास्त लागतात. मी त्या दिवशी खानापूरला गेलो होतो. दादा गेला, कॉइली गॅसवर लाल करून प्रत्येकीतून सहा मीटर तार तोडली, राहिलेली ताणून परत खाचेत बसवली. 32 अँपियरचा ब्रेकर संध्याकाळीसुद्धा तापत होता, म्हणून तो काढून 40 चा लावला. मला रात्री कळलं.

मी म्हणालो, ‘‘दादा, रात्रीचं व्होल्टेज बघितलंस काय?’’

तो म्हणाला, ‘‘गिऱ्हाइकाला उष्णता पाहिजे, तुझं गणित नको.’’

गणित असं होतं. 27 मीटरचा रेझिस्टन्स 7.16 ओहम. संध्याकाळी 190 ला 4.1 ऐवजी 5 किलोवॅट मिळाले, गिऱ्हाईक खूश. पण तीच कॉइल रात्री 250 ला 8.7 किलोवॅट ओढते. तार कमी झाल्यामुळे पृष्ठभागही कमी झालेला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 2.2 च्या जागी 3.9 वॅट. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा कंट्रोलर 950 वर लावला होता, त्यामुळे भट्टी 950 च्या पुढे जात नव्हती आणि सगळ्यांना वाटत होतं की सगळं ठीक आहे. थर्मोकपल भट्टीचं तापमान बघतं, तारेचं नाही. व्होल्टेज जास्त असलं की कंट्रोलर लवकर बंद करतो एवढंच, पण जितका वेळ चालू असतो तितका वेळ तार भट्टीपेक्षा दोन-तीनशे अंशांनी जास्त तापलेली असू शकते. मग ती मऊ पडते, वळसे खाली बसतात, एकमेकांना टेकतात, टेकलेल्या जागी आणखी तापते.

पाचव्या आठवड्यात मधल्या फेजची कॉइल गेली. मी भट्टी थंड झाल्यावर टॉर्च घेऊन आत बघितलं. चार वळसे एकत्र चिकटून वितळले होते, तुटलेल्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा मणी तयार झाला होता. उरलेली तार वरून राखाडी-पांढरट, बोटाने दाबली तर काडीसारखी मोडली.

दादाने गिऱ्हाइकासमोर सांगितलं, ‘‘याने स्वस्तातली कँथल घातली. आमच्या आप्पांच्या काळात निक्रोम असायची, वर्षानुवर्षं चालायची.’’ गिऱ्हाइकाने ते ऐकून घेतलं. नवीन कॉइलींचा खर्च आम्ही सोसला आणि मच्छ्यात माझं नाव खराब झालं. मी गप्प बसलो नाही. मल्टिमीटर आणि वही घेऊन तीन रात्री त्या शेडमध्ये बसलो. संध्याकाळी सातला 188, रात्री दहाला 214, एकला 247, तीनला 252. आजूबाजूच्या मशीन बंद झाल्या की आकडा चढत जायचा. वही दादापुढे ठेवली, त्याने उघडलीसुद्धा नाही. वर्षभरात आम्ही वेगळे झालो.

आप्पांच्या निक्रोमबद्दल एक सांगायलाच पाहिजे. आप्पांच्या गल्ल्यासमोर शेगडीच्या कॉइली दोरीला बांधून टांगलेल्या असायच्या आणि रोज दहा-बारा विकल्या जायच्या. चिनी मातीच्या प्लेटमधली 2000 वॅटची कॉइल दूध उतू गेलं की जायची, व्होल्टेज चढलं की जायची. लोक निमूट नवीन घेऊन जायचे. निक्रोम वर्षानुवर्षं चालायची ही आठवण दादाची आहे, त्या दोरीची नाही. निक्रोम चांगलीच तार आहे, 1906 साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना तिचं पेटंट मिळालं तेव्हापासून जग ती वापरतं. पण ती साधारण 1200 अंशांपर्यंत, कँथल ए-वन 1400 पर्यंत. निकेल नसल्यामुळे कँथल स्वस्त पडते, म्हणून ती हलकी ठरत नाही. वजनाने मात्र हलकी आहे, त्यामुळे किलोमागे जास्त मीटर मिळतात. दोन्हींत फरक ओळखायचा तर थंड तारेला चुंबक लावा. कँथलला चिकटतो, 80-20 निक्रोमला चिकटत नाही. दुकानदार काय देतोय ते तिथेच कळतं.

आता तुमचा ओव्हन. तुमचे हीटर नळीचे असणार, बाहेर स्टीलची नळी आणि आत पांढऱ्या पावडरीत तार. त्यात कुठली तार आहे ते बाहेरून दिसतही नाही आणि पाव भाजायच्या 200-250 अंशांना त्याने फरकही पडत नाही. हीटर मागवताना ‘230 व्होल्टला अमुक वॅट’ असं सांगू नका, ‘250 व्होल्टला अमुक वॅट’ असं सांगा. मग 180 ला ते निम्म्यावर येतील, त्यासाठी हीटरचा एक जादा सेट वेगळ्या स्विचवर ठेवा. संध्याकाळी तो लावायचा, रात्री आठवणीने बंद करायचा. विसरलात तरी एकेका हीटरवर जास्त वॅट पडणार नाहीत, कंट्रोलर ओव्हन सांभाळेल. वायरिंग आणि ब्रेकर मात्र दोन्ही सेट मिळून 250 ला जेवढा करंट होतो त्या हिशोबाने घ्या. आणि कॉन्टॅक्टर बघा, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच. कमी व्होल्टेजचा त्रास हीटरला होत नाही, कॉन्टॅक्टरला होतो. 195 च्या खाली तो गुणगुणायला, सोडायला लागू शकतो आणि मग त्याचे पॉइंट जळतात. तुमच्या तीन हीटरांतला एखादा खरं तर चांगला असेल आणि पॉइंट गेले असतील.

चढउतार खरोखर सोसणारी वस्तू म्हणजे डास मारायच्या मशीनमध्ये असते ती सिरॅमिकची गोळी. ती ठराविक तापमानाला पोचली की तिचा रेझिस्टन्स एकदम वाढतो आणि ती स्वतःच करंट कमी करते. पण तिची मजल बेकरीच्या ओव्हनपर्यंत पोचत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. मी कँथलची बाजू घेतली तरी ती सगळीकडे चालत नाही. एकदा तापलेली कँथल ठिसूळ होते, थंड असताना वाकवलीत की तुटणार, लाल करूनच हात लावायचा. कडक धक्के बसणाऱ्या किंवा आधाराशिवाय लोंबणाऱ्या कॉइलला मी अजूनही निक्रोम वापरतो. आणि तुमच्याकडे वीज सतत 250 च्याही बरीच वर जात असेल किंवा एकाच फेजवर असं होत असेल तर हीटरचा विचार सोडा, आधी न्यूट्रलचं कनेक्शन तपासून घ्या. न्यूट्रल सुटलेला असेल तर व्होल्टेज 250 वर थांबत नाही.

वायरमन जर म्हणाला की ओव्हन तापत नाही तर कॉइल थोडी तोडू, तर त्याला हात लावू देऊ नका. आधी सात दिवस दर तीन तासांनी व्होल्टेज लिहा, पहाटेचं चुकवू नका. तो कागद आणि ओव्हनची मापं इथेच खाली टाका, हीटर किती वॅटचे आणि किती घ्यायचे ते मी काढून देतो.