हरणाच्या शिकारीसाठी स्वस्त लिव्हर-ॲक्शन रायफल पुरेल, की महागडीच घ्यावी?

तुमचा प्रश्न असा की पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जायचंय, तर .३०-३० या काडतुसाची रॉसी आर९५ घ्यावी, की आणखी चार-पाचशे डॉलर टाकून मार्लिन ३३६ किंवा विन्चेस्टर ९४ घ्यावी. तिन्ही लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाजवळची दांडी खालीवर करून पुढचं काडतूस आत घेणाऱ्या रायफली. मीही इथेच शिकार करतो. माझं मत: हरणासाठी रॉसी पुरते. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर घाला.

याचं कारण काडतुसातच आहे. .३०-३० हे १८९५ पासूनचं काडतूस. या रायफलींच्या नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात. गोळी टोकदार असेल तर ती पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर (बुडातल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर) टेकते आणि धक्क्याने ते आतच उडू शकतं, म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवतात. अशी गोळी हवेत लवकर मंदावते. १०० यार्डांवर नेम बसवलात तर २०० यार्डांवर ती आठेक इंच खाली लागते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागाच जेमतेम तेवढी असते. म्हणजे १५० यार्डांच्या पुढे जपूनच, आणि ही मर्यादा महाग रायफल घेऊन बदलत नाही. हॉर्नडी कंपनीच्या टोकदार पण मऊ नाकाच्या काडतुसांनी (टोक मऊ असल्याने ती या मॅगझिनमध्ये चालतात) पल्ला थोडा वाढतो, पण तो रॉसीतही तेवढाच वाढतो. आपल्या दाट जंगलात बहुतेक हरणं १०० यार्डांच्या आतच दिसतात.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? हातकामात. आर९५ ची रचना मुळात मार्लिन ३३६ चीच, म्हणजे १९४८ सालची. फरक हाताला लागतो. मार्लिनचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, लाकूड-पोलादाचा सांधा घट्ट, लिव्हर अडखळत नाही. स्वस्त रायफलीत लोडिंग गेटची (ज्यातून काडतुसं आत ढकलतात त्या झाकणाची) स्प्रिंग कडक आणि कड धारदार असू शकते. थंडीत बोटं बधिर झालेली असताना शेवटची दोन काडतुसं आत ढकलायची म्हणजे अंगठा सोलवटतो. पण ती कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत होते आणि लिव्हर वापराने मोकळी होत जाते.

जे घरी सुधारत नाही ते दुकानातच बघा. रायफल टेकूवर ठेवून मागून पाहा, पुढची साईट (नेम धरायची खूण) एका बाजूला कललेली नाही ना. दुकानदाराला सांगून डमी (दारू नसलेली) काडतुसं भरा आणि लिव्हर एकदा हळू, एकदा जोरात चालवा. अर्धवट जोर लावला की काडतूस अडकत असेल, तर ती रायफल ठेवून दुसरी मागा. दस्ता जिथे पोलादाला भिडतो तिथे केसासारखी चीर असेल तर किंमत कितीही उतरवली तरी नको. हे मार्लिन घेतानाही करा, किंमत जास्त म्हणून तपासणी सोडू नका.

जुनी मार्लिन मिळत असेल तर नळीच्या डाव्या बाजूला, मुळाशी, ‘जेएम’ हा शिक्का शोधा. तो जुन्या मार्लिन कारखान्याचा. २००७ मध्ये कंपनी रेमिंग्टनकडे गेली आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या मालाबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्या. २०२० मध्ये रूगर कंपनीने मार्लिन घेतली, तेव्हापासूनचं काम पुन्हा चांगलं आहे. चांगल्या अवस्थेतली जेएम मार्लिन मिळाली तर मी तीच घेईन.

विन्चेस्टर ९४ आता जपानमधली मिरोकू ही कंपनी बनवते. काम देखणं आहे, पण पहिल्या रायफलीला एवढा खर्च मला पटत नाही. ब्राउनिंग बीएलआर या आणखी एका लिव्हर-ॲक्शन रायफलीचं मात्र वेगळं. तिला पेटी-मॅगझिन (काडतुसं एकावर एक रचलेली) असल्यामुळे टोकदार गोळ्या चालतात आणि .३०८ सारखी काडतुसं मिळतात. तुम्ही मोकळ्या शेतांच्या कडेला, लांबच्या अंतरावर बसणार असाल तर तिथे जास्तीचे पैसे खरोखर कामाला येतात. आणि कधी ओहायोत जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तिथे हरणासाठी .३०-३० चालत नाही, रायफलीला सरळ भिंतीचंच, म्हणजे .३०-३० सारखं मानेशी निमुळतं न होणारं, काडतूस लागतं.

सरावाचा आग्रह मी उगाच धरत नाही. जखमी हरीण रात्रभर जंगलात फिरत राहावं, याहून वाईट काही नाही, आणि ते टाळणं आपल्याच हातात असतं. सीझनच्या आधी बेंचवरून नेम बसवा, मग बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, जाड हातमोजे घालून गोळ्या झाडा. ज्या अंतरावर गोळ्या लक्ष्य म्हणून लावलेल्या पेपर प्लेटच्या बाहेर जायला लागतील, त्या अंतरापलीकडे हरणावर चाप ओढायचा नाही.

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर आधी शिकारीचं लायसन्स काढा. अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि शिकारीचं चालू लायसन्स असलं तर त्यातून सूट मिळते. पहिल्या लायसन्ससाठी पेनसिल्व्हेनियात हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसाची ही अडचण नाही, पण कोर्स करावाच लागेल.